अयोध्याचा हातोडा

हे कुणाला खरं वाटणार नाही. वाटलंच, तर सांगणाऱ्याचं काहीतरी चुकलं असं समजावं. पण बेंबळीपासून दीड कोसावर, बहात्तरचा दुष्काळ त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात येऊन टेकला होता तेव्हा, चाळीस बाया भर दुपारी लिंबाखाली पाय पसरून बसल्या होत्या आणि त्यांचे चाळीस हातोडे पलीकडे खडी फोडत होते. बाईविना हातोडा, आणि तोही बांगड्यांसकट वाजणारा. ज्याला पटत नसेल त्यानं आत्ताच उठून तांब्याभर पाणी प्यावं. त्या वर्षी तेवढीही सोय नव्हती.

तिथं एक सोसायटी होती, 'श्रमदेवता मजूर सहकारी सोसायटी मर्यादित'. संचालक अकरा. अकरापैकी एकानंही जन्मात दगडाला हात लावला नव्हता. शेंदूर फासलेला असेल तर गोष्ट वेगळी. सरकारनं दुष्काळी काम काढलं, रस्त्याला खडी पाहिजे म्हणून माळावर दगड टाकले आणि काम सोसायटीला दिलं. सहकाराचे दिवस होते. म्हशी भाकड झाल्या होत्या तरी दूध सोसायटीची सभा भरत होती. उसाची वाळून चिपाडं झाली होती तरी ऊस उत्पादकांचा कोरम पुरा होत होता. सगळ्याची सोसायटी निघाली होती, फक्त पाण्याची निघायची राहिली होती.

चेअरमन होते आबाराव. साठी ओलांडलेली, फेटा कडक, मिशा त्याहून कडक. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असा पिकला होता की समोर बैल उभा आहे का भावकीतला माणूस, हे दोघांपैकी कुणीतरी तोंड उघडल्याशिवाय कळत नसे. पण सोसायटीच्या पोटनियमात स्पष्ट लिहिलं होतं : चेअरमननं काम रोज 'समक्ष पाहून' हजेरीपटावर सही करावी. डोळे गेले म्हटलं की खुर्ची गेली. म्हणून आबारावांनी डोळ्यांचं काम कानांकडे देऊन टाकलं. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं आणि अख्ख्या गावानं ते ठाऊक नसल्यासारखं धरलं होतं. चेअरमनच्या मोतीबिंदूचा उच्चार करणं म्हणजे सोसायटीवर अविश्वास ठराव आणण्यासारखंच होतं.

कान मात्र असे, की ऐकणाऱ्यानं हात जोडावेत. आबाराव डेऱ्यात लोखंडी खुर्चीवर बसत. उन्हाची झळ नको म्हणून डेऱ्याची कनात चारी बाजूंनी खाली सोडलेली. आत बसून ते चाळीस हातोडे वेगवेगळे ऐकत, जसा एखादा धनगर कळपातली मेंढरं ओळखतो तसे.

"जगदेवी, खोकून झालं असंल तर हातोडा उचल."

"कमलबाई, डाव्या हातानं किती येळ फोडतीस? उजवा बदल."

"भिमाबाई, तुजा दगड फुटलाय कवाच. फुटलेल्यालाच किती मारतीस?"

एखादा हातोडा पाच मिनिटं गप्प राहिला की आतून आवाज यायचा, "नाव काटू का?" नाव काटलं की हजेरी गेली, आणि हजेरीबरोबर सुखडीचा गोड सरकारी खुराकही गेला. रेशनवरच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी घशाखाली उतरत नव्हती. त्या उन्हाळ्यात पोटाला आधार होता तो कामावर मिळणाऱ्या सुखडीचा. पाण्याचा टँकर यायचा तेव्हा बायांच्या रांगा दोन लागायच्या, बौद्धवाड्याची वेगळी आणि गावाची वेगळी. आबारावांच्या कानात मात्र रांग एकच होती. एवढ्या एका बाबतीत त्यांच्या मोतीबिंदूचे उपकार मानायला पाहिजेत.

या चाळीस हातोड्यांत एक हातोडा अयोध्याचा होता.

अयोध्या बाबूची बायको, भिमाबाईची सून. आठवा महिना लागला होता. गेल्या उन्हाळ्यात पाझर तलावाच्या मातीकामावर डोक्यावर घमेलं असतानाच तिचं पाच महिन्यांचं पोट गेलं होतं. त्यावर ती कधी बोलत नसे. या खेपेला खडी फोडताना अठरा-वीस घाव घातले की ती थांबायची, हात पोटावर ठेवायची, आत काही हलतंय का बघायची आणि मग पुढचा घाव घालायची. बाबू दगडं वाहायचा. येताजाता त्याचं लक्ष त्या हाताकडं असायचं. तो हात पोटावरून उठून परत हातोड्याकडं गेला की याचा जीव भांड्यात पडायचा.

एके दिवशी त्यानं धाडस केलं. डेऱ्याच्या दाराशी उभं राहून म्हणाला, "आबाराव, अयोध्याला दुपारचं दोन-तीन तास सावलीला बसू द्या की. पोटुशी हाय. तिच्या वाट्याची दगडं म्या फोडतो."

"बसव की," आबाराव म्हणाले. "कोण नको म्हणतंय? नाव काटतो अन् बसव. माजा नियम एक हाय बाबू. हातोडा वाजला तर हजेरी. कुणाचा वाजला, का वाजला, ते म्या इच्यारत न्हाय. हातोडा वाजला पायजे."

बाबू परत फिरला. अर्ध्या वाटेवर थांबला. *हातोडा वाजला पायजे.* बाई असली पाहिजे असं आबाराव म्हणाले नव्हते.

आता बाबू साधा गडी नव्हता. बौद्धवाड्यातल्या गायन पार्टीत तो बुलबुलतरंग, लोकांच्या तोंडी नुसतं बुलबुल, वाजवायचा. त्या बुलबुलच्या पोटात जुन्या टेलिफोनातला बोलायचा डबा बसवून त्यानं ते 'करंटचं बुलबुल' केलं होतं. वाजवलं की तीन वाड्यांतली कुत्री एकदम उठायची. पार्टीचा अँप्लिफायर, ट्रकची बॅटरी आणि एक भोंगा त्याच्याच घरात होता. दुष्काळात लग्नं थांबली, बारशी थांबली. मशीन गोधडी पांघरून बसलं होतं.

बाबूनं आईच्या कानात सांगितलं, चार दिवस अयोध्याकडं बघ, आणि बुलबुल काखेला मारून, हायवेवर ट्रकला हात करून जळकोट गाठलं.

जळकोटात हायवेच्या कडेला गुंडप्पाचं दुकान होतं. दुकानावर पाटी : 'इलेक्ट्रिक संगीत व ध्वनिमुद्रण. ब्लाउज शिवून मिळतील.' गुंडप्पा ध्वनिमुद्रणाकडं बघायचा, त्याची बायको लक्ष्मम्मा ब्लाउज बघायची. तीन जिल्ह्यांतल्या पार्ट्या त्याच्याकडं गाणी भरून घ्यायला येत. तिथून बाहेर पडलेल्या फितीत एका ढोलकीच्या चार व्हायच्या, आणि फाटका गळा मखमलीचा व्हायचा.

"शिकायचंय?" गुंडप्पानं बाबूला खालून वर न्याहाळलं. "संगीत म्हंजे काय रे? बोल. संगीत म्हंजे करंट. गळ्यातबी करंट, तारंतबी करंट. हैदराबादंला अकरा वर्षं काढली म्या स्टुडिओत. मोठमोठे उस्ताद माझ्याशिवाय रेकॉर्डिंगला बसत न्हवते."

"चहा द्यायचा की हा त्यास्नी," शिवणयंत्रावरून मान वर न करता लक्ष्मम्मा म्हणाली.

"कुणाला देत होतो ते सांग की!"

"कुणालाबी दे. चहाच की तो."

बाबूनं दोघांनाही हात जोडले आणि खरं काय ते सांगून टाकलं. बायको, पोट, आबाराव, कान. गुंडप्पानं पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं, त्यात विजेचा जन्म आणि सप्तसुरांचं मूळ दोन्ही येऊन गेलं. लक्ष्मम्मानं मशीन थांबवलं आणि विचारलं, "तिचा हातोडा किती जड? बांगड्या काचेच्या का लाखेच्या?"

तिथंच बाबूला कळलं, गुरू कुठं बसलाय ते.

पहिला धडा फेऱ्याचा. लक्ष्मम्मानं स्पूलच्या मशीनवर, म्हणजे चाकावरच्या फितीत आवाज भरणाऱ्या टेपरेकॉर्डरवर, स्वतःच हातोडा घेऊन वीस घाव भरले. मग ब्लाउजच्या कात्रीनं फीत कापली. "सरळ कापू नको. सरळ कापली तर आवाजाला ठेच लागते. तिरपी काप, काखेत कापतो तशी." दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोडली. फितीचं कडं झालं. एक बाजू मशीनमधून, दुसरी बाजू समोर ठेवलेल्या पितळी तांब्याभोवती. मशीन चालू केलं आणि वीस घाव संपले की परत पहिला घाव आला. ना सुरुवात, ना शेवट.

"हे थांबतंय कवा?" बाबूनं विचारलं.

"बॅटरी मेल्यावर," गुंडप्पा म्हणाला. "सहकारी संस्थेसारखं हाय ते."

चार दिवस बाबूनं गुंडप्पाच्या पार्ट्यांसाठी करंटचं बुलबुल वाजवलं, त्या बदल्यात सेलवर चालणारं एक जुनं स्पूल मशीन उसनं घेतलं आणि गावाकडं आला. खडीच्या मोठ्या ढिगात भोंगा पुरला. तोंडावर पोतं टाकलं, वर दगड रचले. दगडातनं आलेला आवाज दगडाचाच वाटतो. बारा वाजले, ऊन डोक्यावर आलं. अयोध्या लिंबाखाली जाऊन बसली आणि ढिगातनं हातोडा वाजायला लागला. ठण, ठण, ठण.

अर्धा तास गेला. डेऱ्यातून आवाज आला.

"अयोध्याला काय झालंय आज?"

बाबूच्या हातातला दगड निसटला.

"अर्ध्या तासाधरनं बघतोय," आबाराव कनातीच्या आतून म्हणाले. "आज लई नेमानं फोडायलीया. पदर सावरला न्हाय, घाम पुसला न्हाय, एक घाव चुकला न्हाय. पोरीला ताप-बीप तर न्हाय? असं नेमानं काम करणारं माणूस म्या सोसायटीत कवा बघितलं न्हाय."

भिमाबाईनं खूण केली. अयोध्या पोट सांभाळत पळत आली, हातोडा घेऊन बसली, बाबूनं ढिगामागं जाऊन बटण बंद केलं. "हां," आबाराव म्हणाले, "आता कशी चुकली. आता बरं वाटलं."

बाबू परत जळकोटला.

लक्ष्मम्मा हसली नाही. "मशीन चुकत न्हाय, माणूस चुकतं. मंग चूक शिक की. सूर सगळेच शिकतात. चूक शिकाय डोकं लागतं." तिनं दुसरा धडा दिला तो असा : बाईनं दमलं पाहिजे, बांगडी मागं सारली पाहिजे, एक घाव दगडाच्या कडेला लागून निसटला पाहिजे. शेजारणीशी बोलताना हात मंद झाला पाहिजे. आणि फीत वीस घावांची नको, हजाराची पाहिजे. फेरा एवढा लांब पाहिजे की ऐकणाऱ्याला पहिली चूक आठवेपर्यंत दुसरी यावी. "अन् माझा हातोडा भरू नको. तिचाच भर. दुसऱ्या बाईच्या मापाचं ब्लाउज घालून कोण फिरतंय?"

एका सकाळी, कामावर जायच्या आधी, बाबूनं अंगणात अयोध्यापुढं माईक धरला. अयोध्याला हसू आवरेना.

"आवं, खडी फोडायचंबी गाणं करताव व्हय तुमी?"

"हसू नको. हसलेलं फितीत यील."

"यीऊ द्या की. आबाराव म्हणतील, अयोध्या आज खुशीत हाय."

ती फोडत राहिली. बाबू पहिल्यांदाच डोळे मिटून तिचा हातोडा ऐकत होता. अठरा घाव झाले आणि ती थांबली. तो थांबा त्यानं एवढे दिवस नुसता बघितला होता. आता ऐकला. बांगड्या एकदा खाली घसरल्या, श्वास आत गेला आणि तिथंच राहिला, मग हळूच बाहेर आला. मग घाव. जळकोटात लक्ष्मम्मानं ती फीत कानाला लावून ऐकली. गुंडप्पा म्हणाला, "मधे मधे रिकामं हाय, ते कापून टाक." लक्ष्मम्मानं कात्री बाजूला ठेवली. "तेवढंच तर गाणं हाय यात," ती म्हणाली. "त्याला हात लावशील तर तुला चहाबी करता येत न्हाय असं म्हणंन."

दुसऱ्या फितीनं काम फत्ते झालं. आठ दिवस अयोध्या बारा ते तीन लिंबाखाली आडवी व्हायची. पोटातलं हलायचं, ती हसायची. ढिगातला हातोडा तिच्या नावानं हजेरी लावायचा. तुम्ही म्हणाल, हातोडा वाजतोय पण ढीग वाढत नाही हे कुणाला कळलं नाही? कळण्यासाठी बघावं लागतं. तपासणीचे साहेब जीपमधून उतरत नव्हते. तोच ढीग तीन साहेबांनी तीनदा मोजला होता आणि प्रत्येक वेळी तो कागदावर वाढला होता.

पण कला लपत नाही. झालं असं, की आबाराव त्या हातोड्याच्या प्रेमात पडले.

"गप बसा जरा," ते डेऱ्यातच बसून हजेरी मांडणाऱ्या कारकुनाला म्हणत. "अयोध्याचा हातोडा ऐक. कशी थांबती बघ. मन निवांत होतं. थांबूनसुदिक सगळ्यांत जास्ती घाव तिचेच. बाकीच्या बाया काय करायल्यात? तिच्यासारखं फोडा म्हणावं!" तिसऱ्या दिवशी त्यांनी हुकूमच काढला, की अयोध्याच्या चालीनं जी फोडणार नाही तिला इशारा. शिवाय पुढच्या तपासणीला साहेबांच्या हस्ते अयोध्याचा 'आदर्श मजूर' म्हणून सत्कार होईल. खण, नारळ, हार.

बायांनी बाबूला गराडा घातला.

"ए बुलबुल," जगदेवी खोकत म्हणाली, "तुज्या फितीपायी आमचं मनगट मोडलं. तिला दम लागत न्हाय, आमाला लागतोय! आता आमचीबी फीत कर. न्हायतर म्या जाऊन आबारावाला सांगते."

"चाळीस फिती कुठनं आणू, जगदेवीकाकू?"

"ते तू बघ. शिकलेला तू हायेस."

बाबू तिसऱ्यांदा जळकोटला गेला. तिसरा धडा थरांचा. एका फितीवर चार बाया भरायच्या, ती फीत वाजवता वाजवता दुसऱ्या मशीनवर आणखी चार मिसळायच्या. "घडीच्या चपातीसारखं," गुंडप्पा म्हणाला आणि या वेळी लक्ष्मम्मानंही मान हलवली. पण आठ-आठ थर दिले की खालचा थर चिखलासारखा व्हायचा. मग आवाजाला जागा पाहिजे, ती म्हणाली. मोठी, रिकामी, दगडी जागा. स्टुडिओवाले त्यासाठी वेगळी खोली बांधतात. "तुमच्याकडं हाय का असली जागा?"

बाबू रडावं का हसावं या विचारात पडला. दुष्काळात विहीर-खोदाईची योजना आली होती. त्याच्या शिवारात नव्या कोऱ्या, साठ-साठ फूट खोल, दगडी, ठणठणीत कोरड्या विहिरी सात होत्या. सरकारनं नकळत मराठवाड्यात जगातला सगळ्यात मोठा स्टुडिओ बांधून ठेवला होता.

एका आठवड्याच्या बाजारी, काम बंद असताना, बाया पाच-पाच करून विहिरीच्या पायऱ्या उतरल्या. प्रत्येकीनं आपली चूक बरोबर आणली. जगदेवीनं खोकला आणला. कमलबाईनं डावा हात आणला. भिमाबाईनं फुटलेल्या दगडावर मारून दिलं. विहिरीनं पाचाचे दहा केले, लक्ष्मम्माच्या कात्रीनं दहाचे चाळीस केले. माळावर पहिल्यांदा ती फीत वाजली तेव्हा झाडावरचे कावळे उडाले आणि चाळीस बाया, बामणी साळुंक्यांसारख्या, लिंबाखाली ओळीनं बसून आपलंच काम ऐकत राहिल्या.

"ह्यो बघ माजा खोकला," जगदेवी कौतुकानं म्हणाली. "किती गोड आलाय."

मग तपासणीचा दिवस उजाडला.

साहेब तीनला येणार होते ते एक वाजताच आले. काळा चष्मा, हातरुमाल, जीप. ऊन असं, की जीपमधून डेऱ्यात जायच्या दहा पावलांत साहेबांनी मान वर न करता दोनदा कपाळ पुसलं. आत गेले, खुर्चीत बसले, कनात परत खाली सोडून घेतली. हार धरायला आबारावांनी बाबूलाच उभं केलं होतं. बाबूच्या एका कानात ढीग वाजत होता, दुसरा कान लिंबाकडं लागला होता. अयोध्या सकाळपासून कंबर धरून होती.

"काम जोरात आहे, चेअरमन," साहेब म्हणाले.

"डोळ्यांत तेल घालून बसतो साहेब," आबाराव म्हणाले. "ती बघा जगदेवी, खोकती पण थांबत न्हाय. ती पल्याड डाव्या हाताची, ती कमलबाई. अन् ह्यो जो थांबून घाव पडतो ना, तीच आमची अयोध्या. आज सत्कार तिचाच."

साहेबांनी कनातीकडं बघून मान हलवली आणि वहीत लिहायला सुरुवात केली.

तेवढ्यात लिंबाकडून भिमाबाईचा आवाज आला. "पानी तापवा गं! हिकडं या सगळ्या, आडोसा धरा!"

आबाराव बोलता बोलता थांबले. मान डावीकडं वळली, मग उजवीकडं. उजवीकडं, ढिगातून, भिमाबाईचा हातोडा फुटलेल्या दगडावर पडत होता. ठक. ठक.

"भिमाबाई!" आबारावांनी हाक मारली.

"ओ!" डावीकडून. "आता बोलू नगा, गडबडीत हाय!"

ठक, उजवीकडून.

"जगदेवी!"

डावीकडून खोकला आला. उजवीकडूनही खोकला आला. डावीकडचा मधल्या दिवसांत जरा जुना झाला होता.

"कमलबाई!"

"काय ओ आबाराव? जीव खाऊ नगा, पोरगी अडलीया हितं!"

बाबूच्या हातातल्या हाराची फुलं गळायला लागली. त्याला आबारावांपुढं कबूल करायचं होतं, लिंबाकडं पळायचं होतं, मशीन बंद करायचं होतं. तिन्ही एकदम करायला गेला आणि जागचा हलला नाही.

आबाराव खुर्चीतून उठले. त्यांच्या हातोड्यानं, ज्याच्यावर त्यांचा जीव जडला होता त्या हातोड्यानं, त्यांना फसवलं होतं. "साहेब! लबाडी! बाया तिकडं अन् हातोडे हिकडं! कायतरी मशीन लावलंय. लिहून घ्या. चाळीसच्या चाळीस नावं काटा. अन् ते पहिलं, अयोध्याचं, दोनदा काटा!"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. बाहेर जाऊन बघावं असं क्षणभर त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी कनातीची कड चार बोटं उचलली, झळ आत आली आणि त्यांनी ती सोडून दिली. "चेअरमन, ऐकीव माहितीवर नाव कमी करता येत नाही. नियम आहे. तुम्ही हे समक्ष पाहिलंय?"

"म्हंजे काय!" आबाराव गरजले. "ह्या डोळ्यांनी! हितं बसून बायांच्या पायातली जोडवी मोजतो म्या. माझ्या नजरंतनं मुंगी सुटत न्हाय. लिहा, चेअरमननं समक्ष पाहिलं."

साहेबांनी तारीख घातली.

आणि लिंबाखालून एक नवाच आवाज आला. हातोड्याच्या कुठल्याच थरात नसलेला, कुणी भरलेला नसलेला, विहिरीची गरज नसलेला. बारीक, चिरका, संतापलेला. बाबूचे डोळे भरून आले. त्या रडण्याबरोबर ढिगातली अयोध्या अजून खडी फोडतच होती. अठरा घाव झाले, थांबली, श्वास घेतला, परत घाव घातला. रडणं हळूहळू कमी झालं आणि बंद झालं. आईनं जवळ घेतलं असणार.

थोड्या वेळानं कनात बाजूला झाली आणि भिमाबाई आत आली. हात पदराला पुसलेले, तोंडावर घाम आणि हसू. काखेत जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं गाठोडं. बाबू पुढं झाला. तिनं त्याला कोपरानं मागं सारलं. गाठोडं तोलताना तिचा हात वाकत होता. आठव्या महिन्याचं पोर एवढं जड कसं, असं बाबूच्या मनात येऊन गेलं.

"आबाराव," भिमाबाई गोड आवाजात म्हणाली, "नाव काटायच्या आदी नातवंडाला आशीर्वाद द्या. तुमच्या कामावर जन्मलंय. म्हनलं, पयली नजर चेअरमनची पडू द्या. बघा बरं, कसं हाय?"

गाठोडं तिनं त्यांच्या तोंडासमोर धरलं आणि फडक्याची घडी आबारावांकडंच उघडी केली. साहेबांच्या बाजूला नुसतं लुगडं.

आबाराव घोटाळले. साहेब बघत होते. वहीत 'समक्ष पाहिलं' याची शाई अजून ओली होती. आबारावांनी मान पुढं केली, डोळे बारीक केले, मिशीवरून हात फिरवला.

"वा!" ते म्हणाले. "पोरगा हाय. गुटगुटीत. नाक बापाचं घेतलंय, अन् कपाळ बघा साहेब, कसं भव्य. कसं टकामका बघतंय माज्याकडं."

बाहेर चाळीस हातोडे चालले होते. भिमाबाईनं गाठोडं हळूच साहेबांच्या टेबलावर, उघड्या वहीवर ठेवलं. ठण्ण असा आवाज आला.

"आबाराव, पोरगी झालीया, अन् ती तिकडं आईच्या कुशीत झोपलीया," भिमाबाई म्हणाली, डेऱ्याबाहेरच्या लिंबापर्यंत जाईल अशा आवाजात. "ह्यो खडीचा दगड हाय. म्याच गुंडाळून आणलाय. आता नीट बघून सांगा सायबाला, कुणाचं नाव काटायचं ते."